डोळे शिणतात म्हणजे काय होते?

(विहाराच्या वर्धापन दिनी सकाळच्या सत्रात झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा हा मजकूर. वक्ते ग्रामीण रुग्णालयांतून नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून दीर्घ सेवा करून निवृत्त झाले आहेत. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



समितीने मला 'डोळ्यांची निगा' हा विषय दिला होता. मी म्हटले, एवढ्या विषयावर बोलायचे तर संध्याकाळ होईल आणि स्वयंपाकघरातली मंडळी माझ्यावर रागावतील. (हशा) म्हणून मी एकच तक्रार घेतो. आपल्या वस्तीत प्रत्येक घरात ती आहे. "डोळे शिणतात." कोणी म्हणतो डोळे जड होतात, कोणी म्हणतो चुरचुरतात, कोणाचे कपाळ ठणकते. सगळ्यांना नाव एकच, शीण.

हा विषय निवडायला कारण घडले. गेल्या महिन्यात मी रात्री आपल्या अभ्यासिकेत डोकावलो होतो. अकरा मुले-मुली वाचत बसली होती. बघून बरे वाटले. पण चौघांच्या टेबलावर डोळ्यांत टाकायच्या औषधाच्या बाटल्या होत्या. विचारले, ही कोणी दिली? एक म्हणाला, मेडिकलवाल्याने. दुसरा म्हणाला, मी याचीच वापरतो, याला गुण आला म्हणून. मी बाटल्या उचलून त्यांच्यावरची नावे वाचली. त्यातल्या एका बाटलीवर जे नाव होते ते वाचून मला त्या थंडीत घाम फुटला. का, ते पुढे सांगतो. आधी शीण म्हणजे काय ते समजून घेऊ.

आता सगळ्यांनी एक करा. उजव्या हाताचा अंगठा डोळ्यांसमोर हातभर अंतरावर धरा. नखावरची रेघ बघा. आता अंगठा हळूहळू नाकाकडे आणा. रेघ स्पष्टच दिसली पाहिजे. आणा, आणखी जवळ आणा. कपाळात ताण येतो ना? तरुण मुले नाकापर्यंत पोचली, आणि पुढच्या रांगेतल्या मावशींचा अंगठा अर्ध्या वाटेतच पुसट झाला. हा जो ताण आता तुम्हाला जाणवला तोच शीण. फक्त तुम्ही तो दहा सेकंद सोसला, आणि शिलाई करणारी बाई आठ तास सोसते.

डोळ्याच्या आत एक भिंग असते. त्याच्याभोवती बारीक स्नायूचे कडे असते. आपण वीस फुटांपलीकडचे काही पाहतो तेव्हा हा स्नायू जवळजवळ सैल असतो. जवळचे पाहायचे तर तो आवळावा लागतो, म्हणजे भिंग फुगते आणि जवळचे अक्षर नीट दिसते. त्याच वेळी दोन्ही डोळे नाकाकडे वळवून धरावे लागतात. त्यासाठी बाहेरचे स्नायू काम करतात. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली घ्या आणि हात लांब करून धरा. पहिली दोन मिनिटे काही वाटत नाही. पंधरा मिनिटांनी खांदा भरून येतो. बाटलीचे वजन वाढलेले नसते. हात खाली घेतला नाही एवढेच.

आता थोडे गणित, पण सोपे आहे. जवळ पाहण्याचा भार मोजता येतो. एक मीटरवर पाहिले तर भार एक. अर्ध्या मीटरवर दोन. ३३ सेंटीमीटरवर, म्हणजे पुस्तक धरतो तिथे, तीन. आणि रात्री पांघरुणात मोबाइल धरतो २० सेंटीमीटरवर, तिथे पाच. याला डायॉप्टर म्हणतात, तुमच्या चष्म्याचा नंबर याच मापात असतो. दुसऱ्या बाजूला प्रत्येकाजवळ हा भार पेलण्याची काही शक्ती असते आणि ती वयाबरोबर कमी होत जाते. दहा वर्षांच्या पोराजवळ चौदाच्या आसपास असते. चाळिशीत पाचच्या आसपास उरते. पंचेचाळिशीत साडेतीन-चार. साठीत एक. शक्तीपैकी निम्मी हाताशी राखून काम केले तर माणूस तासन् तास काम करू शकतो. निम्म्याच्या वर खर्च होऊ लागली की शीण सुरू होतो. आता पंचेचाळीस वर्षांच्या बाईचा हिशेब करा. जवळ चार, पुस्तकाला लागतात तीन. बिचारी रोज उसनवारीवर दिवस काढते. याला आपल्याकडे 'चाळिशी लागली' म्हणतात. हा आजार नाही. केस पिकतात तसेच हे. श्रीमंताला होते, गरिबाला होते, डोळ्यांच्या डॉक्टरलाही होते.

मग तुम्ही म्हणाल, आजार नाही तर बोलता कशाला? त्यासाठी मला माझ्या घरातली गोष्ट सांगावी लागेल.

आम्ही भंडारा जिल्ह्यातले. माझी माय विड्या वळायची. आमच्या मोहल्ल्यातल्या बहुतेक बाया तेच करायच्या. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, पत्र्याचे माप ठेवून कैचीने तेंदूचे पान कापायचे, वळायचे, तोंड दुमडायचे आणि दोरा बांधायचा. सगळे काम हातभराच्या आत, आणि घरात उजेड केवढा तर दारातून येईल तेवढा. मायचा हात फार चांगला होता. दिवसाला आठशे-नऊशे विड्या व्हायच्या. १९७३ साली ती त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांची असेल. तिच्या विड्या वाईट निघायला लागल्या. दोरा भलतीकडे बसायचा, पान वाकडे कापले जायचे. ठेकेदाराचा माणूस मुठी-मुठीने विड्या बाजूला टाकायचा आणि त्यांचे पैसे कापायचा. माय म्हणायची, "डोळे शिणले रे बाबू." शेजारच्या म्हाताऱ्या म्हणायच्या, आता व्हायचेच, आमचेही असेच झाले. कोणी डोळ्यांत मध टाकला, कोणी गाईचे तूप पायाला चोळायला सांगितले. दिवसाच्या नऊशेच्या चारशे झाल्या.

माझी मोठी बहीण तेव्हा सातवीत होती. माझ्यापेक्षा हुशार. त्या वर्षी तिची शाळा सुटली आणि ती मायच्या जागी बसली. मी लहान आणि मुलगा, म्हणून माझी शाळा चालू राहिली. मी शिकलो, डोळ्यांच्या विभागात नोकरीला लागलो. १९८४ साली प्रशिक्षण संपवून घरी आलो तेव्हा पिशवीत तपासणीची चौकट आणि भिंगे घेऊन आलो होतो. मायला ओट्यावर बसवले. तिला अक्षर येत नव्हते. म्हणून तिच्या हातात तूर-डाळीचे ताट दिले आणि भिंगे बदलत गेलो. सव्वादोनवर ती थांबली. डाळीतला खडा काढला. मग आपली नखे बघितली. मग सुईत दोरा ओवला, पहिल्याच झटक्यात. ताई समोर विड्या वळत बसली होती. मायने विचारले, "हे कितीक पडते?" मी सांगितले. जास्त नव्हते. माय बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तवा बी एवढ्यातच झालं असतं का रे?"

मी काय सांगणार? खरे तर त्यापेक्षाही कमीत झाले असते.

ही फक्त आमच्या घरची गोष्ट नाही. आसाममध्ये चहाच्या मळ्यात पाने खुडणाऱ्या कामगारांवर एक अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. चाळिशीच्या पुढचे साडेसातशे कामगार, बहुतेक बायाच. सगळ्यांना जवळचे नीट दिसत नव्हते. निम्म्यांना लगेच जवळचा चष्मा दिला, निम्म्यांना अभ्यास संपल्यावर द्यायचे ठरवले. चष्मा मिळालेल्यांची रोजची खुडणी दुसऱ्यांच्या तुलनेत २१ टक्क्यांहून जास्त वाढली. पानाला मजुरी असते, म्हणजे मजुरी वाढली. औषध नाही, इंजेक्शन नाही, साधा जवळचा चष्मा. मी तो अभ्यास वाचला तेव्हा नोकरीची पस्तीस वर्षे व्हायला आली होती. वाचून झाल्यावर मी ताईला फोन केला, पण हे सांगितले नाही. इकडचे तिकडचे बोललो आणि ठेवला.

तेव्हा पहिली गोष्ट. चाळिशी उलटलेल्या प्रत्येक माणसाने, शिकलेला असो की नसो, एकदा डोळे तपासून घ्यायचे. विशेषतः आपल्या भगिनींनी. तांदूळ निवडायला, फॉल लावायला, मण्यांचे काम करायला, पोरांचा अभ्यास घ्यायला नजर लागते. पण घरात चष्मा आधी कोणाला मिळतो? बाबांना, पेपर वाचायला. आई "माझं काय अडलंय" म्हणते. अडलेले असते, ती बोलत नाही.

आता शिणाचे दुसरे कारण. हे तरुणांना जास्त लागू आहे. डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर असतो. रडतो तेव्हाचे पाणी नव्हे, हा थर कायम असतो. त्यात पाणी असते, त्यावर तेलाचा पापुद्रा असतो म्हणून पाणी लवकर उडत नाही, आणि खाली चिकट द्रव असतो म्हणून ते डोळ्याला धरून राहते. पापणी मिटली की हा थर नव्याने सारवला जातो. आपण गप्पा मारताना मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो. मोबाइलमध्ये किंवा पुस्तकात डोके घातले की ते पाच-सातवर येते, आणि तीही अर्धीच मिटते. अंगण सारवलेच नाही तर ते भेगाळणारच. मग चुरचुरते, वाळू गेल्यासारखे वाटते, अक्षर पुसट होते आणि पापण्या मिटल्या की परत स्पष्ट होते. काहींच्या डोळ्यांतून उलट पाणी वाहते. माणूस म्हणतो, माझ्या डोळ्यांना तर पाणी येते, कोरडे कसे? कोरडे झाले म्हणूनच ते धावून येते.

वरून पंखा तोंडावर, एसीचा झोत, उदबत्तीचा नाही तर विडीचा धूर, अपुरी झोप. सर्दी-अॅलर्जीच्या गोळ्यांनीही डोळे कोरडे पडतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसते.

यावर उपाय काय? पैसे न लागणारेच उपाय जास्त आहेत. वाचताना अधूनमधून पापण्या पूर्ण मिटायच्या, हलकेच, एक-दोन-तीन म्हणायचे आणि उघडायच्या. पंख्याचा झोत चेहऱ्यावरून हलवायचा. रात्री स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवायचे. पापणीच्या कडेला तेलाच्या ग्रंथी असतात, त्यांचे घट्ट झालेले तेल सैल होते. कापड प्रत्येकाचे वेगळे. एवढ्याने भागले नाही तर नुसते ओलावा देणारे थेंब मिळतात, तेही विचारून घ्यावेत.

स्नायूंच्या शिणासाठी वीसचा नियम आहे. वीस मिनिटे जवळचे काम झाले की वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहायचे. आपल्या अभ्यासिकेच्या खिडकीतून समोरचा पिंपळ दिसतो. त्याच्या शेंड्यावरचे पान बघा, तेवढ्यात दोन-चारदा पापण्या मिटा. वीस हा काही मंत्र नाही. अठरा मिनिटांनी पाहिले तरी चालते. बाटली धरलेला हात मधेमधे खाली घ्यायचा एवढाच त्यातला अर्थ. आणि हो, वीस सेकंद मोजायला मोबाइल हातात घेऊ नका! (हशा)

पुस्तक किती दूर धरायचे? मूठ गालाला लावा, कोपर जिथे येते तिथे पुस्तक. मापपट्टी सोबतच असते. कॉम्प्युटर हातभर लांब, त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली. मोबाइलवर पानेच्या पाने वाचायची तर अक्षर मोठे करून घ्या, म्हणजे तो आपोआप दूर धरला जातो. उजेड पुस्तकावर पडावा, डोळ्यात नको. अभ्यासिकेतली कोपऱ्यातली दोन टेबले अशी आहेत की ट्यूबलाइट पाठीमागे येते आणि स्वतःच्याच डोक्याची सावली पुस्तकावर पडते. समितीने तेवढी टेबले फिरवून घ्यावीत. त्याला निधी लागत नाही.

बाजारात निळा प्रकाश अडवणारा चष्मा म्हणून दुकानदार जास्तीचे पैसे घेतात. १७ प्रयोगांचा एकत्र आढावा २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यात अशा काचांनी डोळ्यांचा शीण कमी होतो असा पुरावा सापडला नाही. ते पैसे टेबल लॅम्पला वापरा.

आता त्या बाटलीकडे येतो.

शाळा सुटलेली माझी ताई, तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा. तिने त्याला शिकवायचा ध्यास घेतला होता. २००९ साली तो स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता, शहरात खोली घेऊन. दिवसाचे बारा-चौदा तास वाचायचा. डोळे लाल व्हायचे, खाजायचे, जळजळायचे. जवळच्या औषधाच्या दुकानात गेला. त्यांनी थेंबांची बाटली दिली. दोन दिवसांत डोळे पांढरे स्वच्छ. त्याला वाटले, जादूच झाली. बाटली संपली की डोळे परत लाल, की परत बाटली. असे चौदा महिने.

मधल्या दिवाळीत तो घरी आला होता. मी त्याला भेटलो. डोळे लालसर दिसले. आणि मी, ज्याने आयुष्यभर डोळेच तपासले, त्याला काय म्हणालो? "शिणलेत डोळे, जागरण कमी कर." फराळ केला आणि निघून आलो. काय टाकतोस, हे विचारले नाही.

पुढच्या वर्षी त्याला बाजूने येणारी गाडी दिसली नाही आणि तो सायकलवरून पडला. तेव्हा तपासणी झाली. डोळ्यातला दाब साधारण दहा ते एकवीसच्या दरम्यान असतो. त्याचा अडतीस निघाला. त्या थेंबांत स्टेरॉइड होते. स्टेरॉइडने लाली झटकन जाते, खाज थांबते, माणूस खूश होतो. पण काही लोकांच्या डोळ्यात त्याने दाब वाढत जातो. दुखत नाही, लाल होत नाही, काही कळत नाही. आणि तो दाब मागची नस हळूहळू मारतो. याला काचबिंदू म्हणतात. मोतीबिंदूचे ऑपरेशन केले की नजर परत येते. काचबिंदूत गेलेली नजर कशानेच परत येत नाही, राहिलेली तेवढी वाचवता येते. भाच्याची उजव्या डोळ्याची बरीचशी नजर गेली, डाव्याची काठाकाठाने गेली. आज तो आमच्या गावी झेरॉक्सचे दुकान चालवतो, संसार आहे, बरे चालले आहे. रात्री गाडी चालवत नाही. ताई मला कधी काही बोलली नाही.

अभ्यासिकेतल्या त्या एका बाटलीवर मी तेच नाव वाचले होते. म्हणून सांगतो, बाटलीवरचे बारीक अक्षर वाचायला शिका. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन यांपैकी काही लिहिलेले असेल तर ते स्टेरॉइड. नुसते अँटिबायोटिक वाटणाऱ्या बाटलीतही ते जोडीला असते. हे औषध वाईट नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टर तेच देतात आणि ते लागतेच. डॉक्टरांनी दिले असेल तर मनाने बंद करू नका, सांगितले तितके दिवस टाका आणि बोलावले तेव्हा दाखवायला जा. पण चिठ्ठीशिवाय विकत घेणे, जुन्या चिठ्ठीवर परत घेणे, एकाची बाटली दुसऱ्याने वापरणे हे बंद. साधी बाटलीसुद्धा उघडली की महिन्याने टाकून द्यायची.

आता तुम्ही विचाराल, साधा शीण कोणता आणि दुसरे काही कोणते, हे आम्ही कसे ओळखायचे? एक खूण सांगतो. साधा शीण कामाने वाढतो आणि विश्रांतीने उतरतो. सकाळी उठल्यावर नसतो. दोन्ही डोळ्यांना सारखा असतो. आणि त्याने नजर कायमची कमी होत नाही. कमी उजेडात वाचून किंवा मोबाइल बघून शीण येतो, आंधळेपण येत नाही. याउलट एकाच डोळ्याने कमी दिसायला लागले. दिव्याभोवती रंगीत कडी दिसून डोके जोरात दुखले आणि उलटी झाली. अचानक काळे ठिपके, विजेसारखे चमकणे किंवा पडदा ओढल्यासारखे झाले. तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सोमवारची वाट पाहायची नाही.

आता सगळ्यांनी एक डोळा तळहाताने झाका. दाबू नका. समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचा. आता दुसरा झाका. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाची उणीव झाकतो, म्हणून कळत नाही. मागच्या रांगेतले एक काका हात तसाच धरून थांबले आहेत. काका, कार्यक्रम झाला की जेवायच्या आधी मला भेटा.

मधुमेहाबद्दल एवढेच बोलतो. बाबासाहेब किती वाचायचे हे आपण प्रत्येक कार्यक्रमात सांगतो. त्यांना मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टीही अधू झाली होती, हे कमी सांगतो. साखर वर-खाली झाली की नजर पुसट होते आणि माणूस म्हणतो, डोळे शिणले. पण आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या खराब होत असल्या तर सुरुवातीला काहीच जाणवत नाही. म्हणून मधुमेह असलेल्याने, नीट दिसत असले तरी, वर्षातून एकदा थेंब टाकून पडदा तपासून घ्यायचा. आज त्यावर लेझर आहे, इंजेक्शने आहेत. उशीर झाला नाही तर नजर राखता येते.

मुलांचेही सांगायला हवे. वर्गात फळ्यावरचे चुकीचे उतरवणारे, टीव्हीच्या जवळ बसणारे, शाळेतून आल्यावर डोके धरणारे पोर आळशी असतेच असे नाही. त्याला नंबर असू शकतो. पोराला कसे कळणार की दुसऱ्यांना जास्त स्पष्ट दिसते? चष्मा लावल्याने नंबर वाढतो ही समजूत खोटी आहे. वाढत्या वयात तो चष्म्याविनाही वाढतो. उलट रोज तास-दोन तास उघड्यावर, उजेडात खेळणाऱ्या मुलांमध्ये दूरचे पुसट दिसण्याचा नंबर कमी प्रमाणात लागतो, हे परदेशांतल्या शाळांमधून तपासलेले आहे. म्हणून विहाराच्या पटांगणात पोरे दंगा करतात म्हणून त्यांना हाकलू नका.

(भाषणानंतर श्रोत्यांनी काही प्रश्न विचारले.)

एका भगिनीने विचारले की बाजारात शंभर-दीडशे रुपयांना तयार चष्मा मिळतो, तो चालतो का? चालतो. दोन्ही डोळ्यांना सारखाच नंबर असेल आणि दूरचे चांगले दिसत असेल तर जवळच्या कामाला त्याने काही बिघडत नाही. पण आधी एकदा तपासून नंबर माहीत करून घ्या आणि डोळ्याचा दाबही बघून घ्या. तयार चष्मा काचबिंदू शोधत नाही.

डोळ्यांच्या व्यायामाने चष्मा जातो का, असे एका तरुणाने विचारले. नाही जात. काहींना दोन्ही डोळे आत वळवून धरायला त्रास होतो, त्यांना डॉक्टर व्यायाम देतात आणि त्यांना उपयोग होतो. पण नंबर म्हणजे डोळ्याची लांबी किंवा भिंगाचा ताठरपणा, तो व्यायामाने बदलत नाही.

गुलाबपाणी? तोंडाला लावा. डोळ्यांत मध, गुलाबपाणी, तूप, आईचे दूध, काही नको.

शेवटी एका आजींनी विचारले, "मले वाचता येत नाही, माह्ये डोळे कसे तपासाल?" आजी, त्यासाठी वेगळा तक्ता असतो. त्यावर तीन पायांची एकच खूण वेगवेगळ्या दिशांना काढलेली असते. पाय कोणीकडे आहेत ते बोटाने दाखवायचे, झाले. विहाराचा हॉल मी मोजून पाहिला. दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत वीस फूट भरतो, तपासणीला तेवढेच लागतात. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता मी दोन्ही तक्ते लावून बसतो. फी नाही. नंबर सांगीन, आणि ज्याला दवाखान्याची गरज वाटेल त्याला चिठ्ठी देऊन पाठवीन. येताना जुना चष्मा असेल तो आणा, आणि डोळ्यांत काय टाकता ती बाटली आणा. चाळिशीच्या वरच्या भगिनींचा नंबर आधी.

जयभीम.